चुकांच्या वहीतला उजवा रकाना

नोकरीला लागून जेमतेम सहा महिने झाले असताना परदेशातल्या एका सहकाऱ्यांनी मला फोनवर विचारले, ‘यू हॅवन्ट सेंट द फाइल यट?’ मी तत्परतेने ‘येस’ म्हणाले. मनात पूर्ण उत्तर होते, ‘हो, अजून नाही पाठवली,’ आणि त्यातला ‘हो’ तेवढा इंग्रजी होऊन तोंडातून बाहेर पडला. त्यांनी आभार मानले, फोन ठेवला आणि फाइल निघाली आहे असे पुढे कळवून टाकले. त्यातून झालेला घोळ निस्तरण्यात दुसरा अख्खा दिवस गेला, आणि शाळेत पहिल्या आठवड्यात शिकवल्या जाणाऱ्या एवढ्याशा शब्दात आपण चुकलो तरी कुठे, हे मला त्या संध्याकाळपर्यंत उमगले नव्हते.

मराठीत ‘हो’ हा समोरच्याच्या म्हणण्याला दिलेला दुजोरा असतो. ‘तू काल आली नाहीस ना?’ या प्रश्नाला ‘हो, नाही आले’ हे आपले सरळ उत्तर आहे. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, एवढाच त्या ‘हो’चा अर्थ. इंग्रजीतला ‘येस’ प्रश्नकर्त्याच्या म्हणण्याशी बांधलेला नसतो, तो घडलेल्या गोष्टीशी बांधलेला असतो. गोष्ट घडली असेल तर ‘येस’ आणि घडली नसेल तर ‘नो’, मग प्रश्न होकारार्थी विचारलेला असो की नकारार्थी. ‘येस म्हणजे हो’ असे आपण पाठ करतो तेव्हा त्या बरोबरीत हा फरक कुठेच दिसत नाही.

त्या दिवसापासून मी एक वही ठेवली आहे. पानाचे दोन रकाने करायचे. डाव्या रकान्यात इंग्रजीत झालेली चूक लिहायची आणि उजव्या रकान्यात ती चूक होत असताना मनात असलेले मराठी वाक्य लिहायचे, एवढीच तिची पद्धत. पहिल्या पन्नासएक नोंदींनंतर मला दिसले की उजव्या रकान्यातले वाक्य जवळजवळ प्रत्येक वेळी निर्दोष मराठी असते. म्हणजे माझी चूक निष्काळजीपणातून होत नव्हती. मी नियम पाळतच होते, फक्त ते दुसऱ्या भाषेचे होते. आता मी मोठ्या वयात इंग्रजी शिकणाऱ्या काही जणांना आठवड्यातून एकदा मदत करते, आणि त्यांच्या वह्यांतही हेच दिसते. इंग्रजीची बहुतेक नावाजलेली पाठ्यपुस्तके जगभरच्या विद्यार्थ्यांसाठी लिहिलेली असतात, त्यामुळे मराठीतून येणाऱ्याचा पाय नेमका कुठे घसरतो हे त्यांत असणे शक्यच नसते. तो उजवा रकाना आपला आपणच भरावा लागतो.

उच्चारांत ही गोष्ट सर्वांत सहज पाहता येते. इंग्रजीत ‘व्ही’ उच्चारताना वरचे दात खालच्या ओठावर टेकतात, तर ‘डब्ल्यू’ उच्चारताना ओठांचा चंबू होतो आणि दात कुठेही लागत नाहीत. मराठी ‘व’ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि आपला कान दोन्ही ध्वनींना त्याच एका खणात टाकतो. लिहिताना आपण ‘व्ही’साठी ‘व्ह’ वापरून भेद दाखवतो खरा, पण त्यातला ‘ह’ वाचून अनेक जण ‘व्हेरी’ हा शब्द ‘भेरी’च्या जवळ नेतात. ‘टी’ आणि ‘डी’ या ध्वनींचे स्थान आपल्या ‘त’ आणि ‘ट’ यांच्या मध्ये, वरच्या दातांमागच्या हिरडीवर आहे. आपण तिथे सरळ मूर्धन्य, म्हणजे जिभेचे टोक मागे वळवून टाळूला लावून उच्चारलेले, ‘ट’ आणि ‘ड’ वापरतो. त्याने समजण्यात अडचण येत नाही, म्हणून त्याच्यामागे फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे.

अडचण येते ती श्वासाच्या झोताची. तोंडासमोर कागदाची एक अरुंद पट्टी धरावी आणि इंग्रजी मातृभाषा असलेल्या कोणाचा ‘पिन’ हा शब्द ऐकून हुबेहूब तसा म्हणण्याचा प्रयत्न करावा. नीट जमला तर पट्टी हलते. आता ‘स्पिन’ म्हणावा; पट्टी स्थिर राहते. इंग्रजीत शब्दाच्या सुरुवातीचे ‘पी’, ‘टी’ आणि ‘के’ आघात म्हणजे जोर असलेल्या अवयवात (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा, ‘सिलेबल’) आले की महाप्राणाकडे, म्हणजे ‘ख’, ‘फ’ यांसारख्या झोत सोडणाऱ्या ध्वनींकडे, झुकतात, ‘एस’नंतर आले की झुकत नाहीत. ‘काट’ आणि ‘खाट’, ‘पळ’ आणि ‘फळ’ यांतला भेद आपल्याला लहानपणापासून ऐकू येतो, त्यामुळे हा बारकावा टिपायला आपला कान पुष्कळ तयार असतो. अडवते ते लेखन. रोमन लिपीत दोन्हीकडे एकच अक्षर दिसते, आपण ते ‘प’ असे वाचतो आणि झोत न सोडता ‘पिन’ म्हणतो. इंग्रजी कान शब्दारंभीचा ‘पी’ त्या झोतावरूनच ओळखत असल्यामुळे त्याला आपला ‘पिन’ कधीकधी ‘बिन’ असा ऐकू येतो. मी हा प्रयोग गटात करते तेव्हा, ज्यांनी पंधरा वर्षे इंग्रजी वाचले आहे अशांच्या हातातली पट्टीही पहिल्या खेपेस हलत नाही, आणि दहाव्या खेपेस ती हलते तेव्हा त्यांचा चेहरा पाहण्यासारखा असतो.

मात्र इतक्या वर्षांनंतर मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो आघात. मराठीत आपण शब्दातली अक्षरे साधारण सारख्या वजनाने उच्चारतो. इंग्रजीत एका अवयवावर जोर पडतो आणि बाकीचे अवयव आक्रसतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फोटोग्राफी’मध्ये तो दुसऱ्यावर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफी’सारखा ऐकू येतो, तर ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर जातो. ‘रेकॉर्ड’ हे नाम असेल तर जोर आधी, क्रियापद असेल तर नंतर. ज्या अवयवांवर जोर नसतो त्यांतला स्वर, मग तो लिहिताना ‘ए’, ‘ई’ किंवा ‘ओ’ असा कोणताही असो, बहुधा एका दुबळ्या स्वरात विरून जातो, आणि तोच इंग्रजीतला सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे. आपल्या ‘कमळ’मधल्या ‘अ’च्या तो खूप जवळ आहे, म्हणजे तो वेगळा शिकायची गरज नाही. तो कुठे येतो एवढे मात्र प्रत्येक शब्दागणिक पाहावे लागते, आणि देवनागरीत दिलेला उच्चार ते दाखवू शकत नाही. त्यासाठी शब्दकोशातली आंतरराष्ट्रीय ध्वनिलिपी शिकणे हा माझ्या मते एका आठवड्याचा सर्वांत चांगला उपयोग आहे. ही लिपी तयार करणारी संस्था 1886 मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली, आणि तिच्या चिन्हांपैकी इंग्रजीपुरती लागणारी चिन्हे चाळीस-पंचेचाळीसच आहेत. उलट्या ‘ई’चे चिन्ह म्हणजे तो दुबळा स्वर, आणि अवयवाआधी वर दिलेली छोटी उभी रेघ म्हणजे आघात, दुसरे काही नाही तरी एवढी दोन चिन्हे ओळखता आली पाहिजेत.

आघाताचा प्रश्न बोलण्यापुरता नाही. ‘वाचलेले सगळे कळते, पण बोललेले कळत नाही’ ही जी तक्रार प्रत्येक विद्यार्थी करतो तिचे मूळ इथेच आहे. वाक्यातसुद्धा महत्त्वाच्या शब्दांवर जोर पडतो आणि ‘टू’, ‘ऑफ’, ‘ॲन्ड’, ‘हॅव’, ‘कॅन’ यांसारखे छोटे शब्द इतके आक्रसतात की ते पुस्तकात शिकलेल्या रूपात कधी ऐकूच येत नाहीत. ‘शुड हॅव’चे ‘शुडव’ होते आणि ‘कॅन’चे ‘कन’ होते. आपण मात्र पूर्ण ‘हॅव’ कधी ऐकू येतो याची वाट पाहत बसतो, आणि तोवर वाक्य निघून जाते. मराठीतही आपण ‘काय करत आहेस’ असे लिहितो आणि ‘काय करतेयस’ असे बोलतो, पण आपल्याला ते खटकत नाही, कारण आपण मराठी आधी ऐकली आणि मग वाचली. इंग्रजीच्या बाबतीत आपल्यापैकी बहुतेकांचा क्रम नेमका उलटा असतो.

यावर मला उपयोगी पडलेले साधन शाळेतलेच आहे, ते म्हणजे श्रुतलेखन. ज्याचा लिखित मजकूर उपलब्ध आहे असे तीस सेकंदांचे बोलणे घ्यायचे, अधिक नाही. मजकूर न पाहता ते पुन्हा पुन्हा ऐकून शब्दन् शब्द लिहायचा, जिथे कळत नाही तिथे रिकामी जागा सोडायची आणि शेवटी मजकुराशी ताडून पाहायचे. पहिल्यांदा मी हे केले तेव्हा तीस सेकंदांना पाऊण तास लागला. ताडून पाहिल्यावर कळले की अवघड शब्द मला जवळजवळ सगळे ऐकू आले होते, आणि रिकाम्या राहिलेल्या बाराही जागा मला दहा वर्षांपासून ठाऊक असलेल्या छोट्या शब्दांच्या होत्या. त्यानंतर तेच तीस सेकंद बोलणाऱ्याच्या मागोमाग, त्याच्या चालीत म्हणायचे, स्वतःचा आवाज फोनवर मुद्रित करायचा आणि दोन्ही एकापाठोपाठ ऐकायचे. स्वतःचा आवाज ऐकणे कोणालाच आवडत नाही, पण चूक आपल्याच कानाला पकडता येण्याचा दुसरा मार्ग मला तरी माहीत नाही. ज्यांना तीस सेकंदही जड जातात त्यांनी संथ गतीच्या बातम्यांपासून सुरुवात करावी. ‘व्हॉइस ऑफ अमेरिका’ने 1959 मध्ये सुमारे दीड हजार शब्दांच्या मर्यादेत आणि मुद्दाम कमी वेगात वाचलेले कार्यक्रम सुरू केले ते अशाच श्रोत्यांसाठी, आणि त्या धर्तीवरचे पुष्कळ ध्वनिमुद्रण आज मोफत ऐकता येते.

स्पेलिंगबद्दल थोडेच सांगते. विल्यम कॅक्स्टनने 1476 मध्ये इंग्लंडमध्ये छापखाना सुरू केला तेव्हा इंग्रजीतले दीर्घ स्वर आपली जागा बदलत होते. छपाईने शब्दांची रूपे हळूहळू पक्की होत गेली आणि उच्चार पुढे सरकत राहिले. ‘सरदार’ या अर्थाच्या ‘नाइट’च्या सुरुवातीचा, आज मुका असलेला ‘के’ एके काळी खरोखर उच्चारला जात असे. या इतिहासाने स्पेलिंग पाठ होत नाही, पण त्याच्यावरचा राग कमी होतो, आणि आपली लिपीही सगळे सांगत नाही हे आठवते. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, या दोन शब्दांतला ‘ज’ वेगळा आहे हे मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाला कोणत्या अक्षरावरून कळावे?

आता वाक्याकडे येते, कारण वहीची सर्वाधिक पाने वाक्यांनी भरलेली आहेत. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते, त्यामुळे बोलायला सुरुवात करताना क्रियापद ठरलेले नसले तरी चालते. ‘मी काल त्यांना त्या कामाबद्दल...’ इथपर्यंत आपण निवांत येतो आणि मग ‘विचारले’, ‘सांगितले’ किंवा ‘विचारणार होते’ यांपैकी काय म्हणायचे ते ठरवतो. इंग्रजीत कर्त्याच्या पाठोपाठ क्रियापद काळासह हजर करावे लागते. ‘आय’ म्हटल्यानंतर आपण जे अडखळतो ते शब्द आठवत नाही म्हणून नव्हे, तर निर्णय लवकर घ्यावा लागतो म्हणून. सुटी क्रियापदे पाठ करून हे सुटत नाही. ‘आय वॉज गोइंग टू’, ‘आय मीन्ट टू’, ‘आय’ड रादर नॉट’ अशा तयार सुरुवाती तोंडात बसवल्या तर तो निर्णय एका दमात होतो. मी अशा वीसेक सुरुवाती निवडल्या होत्या आणि महिनाभर रोजच्या घडामोडी त्यांनीच सुरू करून मोठ्याने सांगत असे.

दुसरी गोष्ट कर्त्याची. मराठीत मला भूक लागते, मला स्वप्न पडते, मला आठवते, मला पोहता येते. या सगळ्या गोष्टी माझ्याकडे येतात आणि मी ‘ला’ लावून त्यांचा स्वीकार करते. इंग्रजीत यांतली बहुतेक वाक्ये ‘आय’ने सुरू होतात आणि क्रिया माझ्याकडे लागते. काळांच्या बाबतीत पूर्ण भूतकाळ फसवतो. ‘मी काल तिकडे गेले होते’ हे आपले नेहमीचे वाक्य आहे. जाऊन परत आल्याची, संपलेली हकिगत सांगताना आपण ‘होते’ लावतोच. त्याचे ‘आय हॅड गॉन देअर यस्टरडे’ केले की इंग्रजी ऐकणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत थांबतो, कारण त्याच्या भाषेत ‘हॅड गॉन’ हे भूतकाळातल्या दुसऱ्या एखाद्या घटनेच्या आधी काय झाले होते ते सांगण्यासाठी असते. त्याला ती दुसरी घटना हवी असते आणि आपले बोलणे तर संपलेले असते. इथे ‘आय वेन्ट’ एवढेच पुरते.

‘अ’ आणि ‘द’ ही उपपदे मराठीत नाहीत, म्हणून ती आपल्याला कधीच नीट येणार नाहीत, असे माझ्या गटातले लोक पहिल्याच दिवशी सांगतात. मलाही बरीच वर्षे तसेच वाटत असे. मग एकदा वहीत दोन वाक्ये एकाखाली एक लिहिली गेली: ‘मी डॉक्टर शोधते आहे’ आणि ‘मी डॉक्टरांना शोधते आहे’. पहिल्यात कोणताही डॉक्टर चालेल. दुसऱ्यात एक ठरावीक व्यक्ती आहे, आणि ती कोण हे ऐकणाऱ्यालाही बहुधा माहीत आहे. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘अ डॉक्टर’ आणि दुसऱ्यासाठी ‘द डॉक्टर’ येईल. म्हणजे जो भेद ‘द’ दाखवतो तो आपण ‘ना’ या प्रत्ययाने, कधी ‘तो’, ‘ती’, ‘ते’ जोडून, कधी शब्दांचा क्रम बदलून दाखवत आलोच आहोत. प्रत्येक नामापाशी थांबून तो दाखवण्याची सक्ती तेवढी आपल्याकडे नाही. हे ध्यानात आल्यावर मी नियमांची यादी बाजूला ठेवली आणि स्वतःला एकच प्रश्न विचारू लागले: मी कशाबद्दल बोलते आहे ते ऐकणाऱ्याला आधीच कळले आहे का? कळले असेल तर ‘द’. नद्यांची नावे, देशांची नावे असे अपवाद शिल्लक राहतातच आणि ते वाचता वाचता अंगवळणी पडतात, परंतु रोजच्या लिहिण्यातल्या माझ्या उपपदांच्या चुका या एका प्रश्नाने निम्म्याहून कमी झाल्या.

नामांची मोजदादही अशीच तपासून पाहण्यासारखी आहे. ‘माहिती’चे अनेकवचन आपण करत नाही, त्यामुळे ‘इन्फर्मेशन’ला ‘एस’ लावण्याचा मोह होऊ नये. ‘सल्ला’ मात्र मोजता येतो, चार जण चार सल्ले देतात, आणि म्हणून ‘ॲडव्हाइसेस’ ही चूक होते. ‘केस’ आपल्याकडे अनेकवचनी आहेत, तर इंग्रजीत ‘हेअर’ एकवचनात चालते.

शब्दसंग्रहाबद्दल माझे मत थोडे आग्रही आहे. एकेका शब्दासमोर एकेक अर्थ लिहून केलेल्या लांबलचक याद्या मी स्वतः पाठ केल्या आहेत आणि त्यांतले फार थोडे बोलताना कामी आले. शब्द एकटा राहत नाही. मराठीत पाऊस मुसळधार असतो, वारा सोसाट्याचा असतो, थंडी कडाक्याची असते आणि ऊन रणरणते असते. ‘मुसळधार वारा’ कोणी म्हणत नाही आणि का म्हणत नाही याला ‘म्हणत नाहीत’ याखेरीज उत्तर नाही. इंग्रजीतही ‘रेन’ ही ‘हेवी’ असते आणि ‘विंड’ हा ‘स्ट्राँग’ असतो. विशेषतः क्रियापदे आपल्याला चकवतात. विद्यार्थी परीक्षा देतो आणि शिक्षक परीक्षा घेतात, असे आपण म्हणतो. इंग्रजीत परीक्षेला बसणारा ‘टेक’ करतो आणि घेणारा ‘गिव्ह’ करतो, म्हणजे देणारा-घेणारा यांची अदलाबदल होते. ‘करणे’ या आपल्या एका क्रियापदाला इंग्रजीत ‘डू’ आणि ‘मेक’ असे दोन दरवाजे आहेत, आणि कोणते नाम कोणत्या दाराने आत जाते ते जोडीनेच लक्षात ठेवावे लागते.

‘गिव्ह अप’, ‘यूझ अप’ अशा जोडक्रियापदांची लोकांना फार भीती वाटते. ती घालवण्यासाठी मी त्यांना ‘बोलणे’ या एका क्रियापदाची रूपे लिहायला सांगते: बोलला, बोलून गेला, बोलून बसला, बोलून टाकले, बोलून दाखवले, बोलून पाहिले. या प्रत्येकातली छटा त्यांना न शिकवता कळते. ‘बोलून बसला’ म्हटले की पश्चात्ताप ऐकू येतो. ‘बसला’ या शब्दाचा इथे खाली बसण्याशी काही संबंध नाही, तसाच ‘गिव्ह अप’मधल्या ‘अप’चा वर जाण्याशी नाही. ‘टेअर अप’ म्हणजे फाडून टाकणे आणि ‘यूझ अप’ म्हणजे वापरून टाकणे. अशा कित्येक ठिकाणी ‘अप’ हा आपल्या ‘टाकणे’चे काम करतो हे दिसल्यावर निदान त्या शब्दांची ओळख पटल्यासारखे वाटते.

हे सारे कळण्यासाठी शब्दकोश योग्य हवा. इंग्रजी भाषकांसाठी लिहिलेला कोश शब्दाचा अर्थ सांगतो, पण शब्द वापरायचा कसा ते सांगत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते माहीतच असते. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत असताना त्यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह खास शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश 1942 मध्ये प्रथम जपानमध्ये निघाला. 1948 मध्ये तो ऑक्सफर्डने प्रसिद्ध केला आणि त्याच्या पुढच्या आवृत्त्या आजही निघतात. 1978 मध्ये आलेल्या लाँगमनच्या कोशाने सगळ्या व्याख्या सुमारे 2,000 शब्दांच्या आतच लिहिल्या. अशा कोशात क्रियापदापुढे कोणती रचना येते हे स्पष्ट दिलेले असते. ‘मला समजावून सांगा’ या वाक्यावरून मी अनेक वर्षे ‘एक्स्प्लेन मी’ असे लिहीत होते, कारण ‘टेल मी’ चालते. कोशात पाहिले तेव्हा कळले की ‘एक्स्प्लेन’ला आधी गोष्ट लागते आणि मग ‘टू’ लावून माणूस. इंग्रजी-मराठी कोशात या दोन्ही शब्दांपुढे ‘सांगणे’ होते आणि त्या कोशाचा त्यात काही दोष नव्हता. मी अजूनही दोन्ही कोश वापरते. पटकन अर्थ हवा असेल तर मराठी आणि लिहायचे असेल तर शिकणाऱ्यांचा इंग्रजी.

सर्वांत जास्त शिकवणारे साधन मात्र साडेचारशे वर्षांपूर्वीचे आहे. पहिल्या एलिझाबेथ राणीला शिकवणारे रॉजर ॲस्कम यांचे 1570 मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलेले एक पुस्तक आहे. त्यात त्यांनी लॅटिन शिकण्यासाठी दुहेरी भाषांतराचा उपाय सांगितला आहे. सिसेरो या प्राचीन रोमन लेखकाच्या लॅटिन लेखनातला उतारा विद्यार्थ्याने इंग्रजीत आणायचा, काही वेळाने मूळ न पाहता तो परत लॅटिनमध्ये करायचा आणि शेवटी सिसेरोशी ताडून पाहायचा. लॅटिनच्या जागी इंग्रजी आणि इंग्रजीच्या जागी मराठी ठेवली की झाले. चांगल्या इंग्रजीतला सहा-सात ओळींचा उतारा घेऊन मी तो मराठीत आणते, आणि ही मराठी खरीखुरी असली पाहिजे, इंग्रजीचा सांगाडा तिच्यात राहता कामा नये. मग वही तीन-चार दिवस मिटून ठेवते. नंतर फक्त मराठी समोर ठेवून तिचे पुन्हा इंग्रजी करते आणि मूळ उताऱ्याशेजारी मांडते. दोन्हींत जिथे जिथे अंतर पडते तिथे तिथे माझ्या मराठीने ओढलेले असते आणि तो उजवा रकाना आपोआप भरतो. पहिले सहा महिने मी दर आठवड्याला एक उतारा केला, आणि माझ्या लिहिण्यात जो फरक पडला तो त्याआधीच्या सहा वर्षांत पडला नव्हता.

या नोंदी विसरू नयेत म्हणून कार्डांची पद्धत चांगली आहे. नवे शिकलेले माणूस सुरुवातीला भराभर विसरतो हे हर्मन एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवले होते, आणि वाढत्या अंतराने उजळणी करवून घेणारी ‘अंकी’सारखी सॉफ्टवेअरे त्याच धाग्यावर उभी आहेत. मी कार्डाच्या एका बाजूला मराठी वाक्य आणि दुसऱ्या बाजूला बरोबर इंग्रजी वाक्य लिहिते. सुटा शब्द कधीच लिहीत नाही.

यांत्रिक भाषांतर आणि संभाषण करणारे नवे कार्यक्रम यांच्याविषयी मला वारंवार विचारले जाते. ती साधने उपयोगी आहेत आणि रात्री अकरा वाजताही न कंटाळता उत्तर देतात, हे मोठेच आहे. माझा आग्रह फक्त क्रमाचा आहे: आधी आपण लिहावे, मग त्यांना दाखवावे, आणि केवळ दुरुस्त प्रत न घेता प्रत्येक दुरुस्तीचे कारण विचारावे. मराठी वाक्य देऊन तयार इंग्रजी घेतले तर पत्र चांगले जाते, पण मधली चूक झालेलीच नसते आणि त्यामुळे वहीत लिहायला काही उरत नाही. त्यांनी दिलेले कारणही कोशात पडताळून पाहावे, कारण चुकीचे कारण ती तितक्याच ठामपणे देतात.

वही अजून चालू आहे. गेल्या आठवड्यात आमच्या गटातल्या एका गृहस्थांनी कामाच्या पत्रात लिहिले होते, ‘आय विल सेंड द रिपोर्ट टिल मंडे’. त्यांना कळेना की यात काय चुकले, आणि क्षणभर मलाही ते शब्दांत सांगता येईना. मग आम्ही उजवा रकाना भरायला घेतला. ‘सोमवारपर्यंत अहवाल पाठवतो’ हे त्यांच्या मनातले वाक्य. त्याखाली मी लिहिले, ‘सोमवारपर्यंत इथेच थांबतो’. थांबण्याची क्रिया सोमवार येईतो सतत चालू राहते, तिथे ‘टिल’. पाठवण्याची क्रिया त्याआधी कधीतरी एकदाच होते, तिथे ‘बाय’. आपण दोन्हीकडे ‘पर्यंत’ म्हणतो. त्यांनी दोन्ही वाक्ये आपल्या वहीत उतरवून घेतली, ‘पर्यंत’खाली दोनदा रेघ ओढली आणि विचारले, ‘मॅडम, मग “तोपर्यंत”चं काय?’ वेळ संपली होती. पुढच्या वेळी आम्ही तिथूनच सुरुवात करणार आहोत.